विजयरथ म्हणतात मला

मी बस बोलतेय. माणसं वाहणारी साधी बस. माझ्या अंगावर सोनेरी अक्षरांत ‘विजयरथ’ लिहिलंय, तिकडे लक्ष देऊ नका. ते नाव मला न विचारता चिकटवलंय. रथाला घोडे असतात, रथ कुठेतरी जातो. मी या स्टेडियमच्या दारात चार विटांच्या थरांवर उभी आहे. चाकं जमिनीला टेकत नाहीत आणि डोक्यावर स्वतःचं छत नाही. लोक येतात, माझ्या पायरीवर एक पाय ठेवून फोटो काढतात आणि जातात. कुणी विचारत नाही, बाई गं, तुझं छप्पर कुठं गेलं?

म्हणून आज मीच सांगते. आवाज चढला तर चढू दे. इतके दिवस गप्प राहून काय मिळालं?

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे माझ्यासारख्या पुष्कळ होत्या. फरक एवढाच, की माझ्या पोटात चढावाचं इंजिन बसवलं होतं. कारण मला जायचं होतं ते वरच्या वसाहतीत. शहराच्या टोकाला एक टेकडी आहे, तिच्या अंगावर घरं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी असल्यासारखी उभी आहेत. रस्ता इतका खडा, की दुसऱ्या गाड्या अर्ध्यात धापा टाकायच्या. मी मात्र पहिल्या गिअरमध्ये घरघरत, शिव्या देत का होईना, वर पोचायचे.

सकाळच्या पहिल्या फेरीला माझ्यात कोण बसायचं माहीत आहे? मोठ्या हॉस्पिटलची सकाळ. वॉर्ड पुसणाऱ्या बाया, चादरी धुणारे, स्वयंपाकघरातले, रात्रपाळीच्या लोकांना सोडवायला निघालेल्या नर्सेस. उजाडायच्या आत ही मंडळी डुलक्या घेत, एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून खाली उतरायची. त्या उतरल्या की हॉस्पिटलचा दिवस सुरू व्हायचा. त्यांना कधी कुणी हार घातला नाही. त्यांनी मागितलाही नाही. त्यांना फक्त बस वेळेवर हवी असायची.

माझी कंडक्टर बाईमाणूस होती. सगळे तिला ताई म्हणायचे, तिच्याहून दुप्पट वयाचे सुद्धा. आवाज असा, की शेवटच्या बाकावरचा झोपलेला माणूस खिशात हात घालतच जागा व्हायचा. चाकावर मामा. मामा ब्रेक लावायचे तेसुद्धा असे, जणू मागे कुणीतरी दुधाचं भांडं हातात धरून बसलंय.

आणि घड्याळवाले काका. त्यांच्याबद्दल नीट सांगायला हवं.

काकांचं वसाहतीत घड्याळदुरुस्तीचं खोपटाएवढं दुकान होतं. किडन्या निकामी झाल्यावर त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागे. काकू सोबत असायच्या. जाताना काका सुजलेले, धाप लागलेले. येताना पिळून वाळत टाकलेल्या कपड्यासारखे. डाव्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीशी बसायचे आणि काचेला डोकं टेकायचे. काकू त्यांच्या मनगटावरची पट्टी पुन्हा पुन्हा बघायच्या.

या माणसाला एकच वेड होतं. फुटबॉल. त्यातही आपल्या संघाचा कप्तान. दुकानात कप्तानाचा फोटो, घरात फोटो, पाकिटातही फोटो. काकू म्हणायच्या, “माझा एकतरी फोटो ठेवलात का पाकिटात?”

“तू तर समोरच असतेस,” काका म्हणायचे. “तो कुठे रोज दिसतो?”

“दिसायला लागला तर घरातच आणून ठेवाल. मग त्याचे मोजे पण मीच धुवायचे!”

सामन्याच्या दिवशी मामा पुढे छोटा रेडिओ लावायचे. नियमात बसत नव्हतं, पण ताई तेवढ्यापुरती बहिरी व्हायची. एकदा असं झालं, की डायलिसिसहून परतताना काकांना मान धरवत नव्हती. काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. इतक्यात रेडिओवरचा माणूस ओरडायला लागला. कप्तानाने मैदानाच्या मध्यातून चेंडू घेतला होता. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं. काका उठून बसले. मग उभे राहिले. गोल झाला, तेव्हा या अर्धमेल्या माणसाने माझ्या छताची दांडी धरून अशी आरोळी ठोकली की मामांचा हात हॉर्नवर पडला. चादरी धुणारा आणि एक परका प्रवासी, ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, ते गळ्यात पडले.

सिस्टर, म्हणजे आमच्यातली सर्वांत वयस्क नर्स, रागावली. “काका, बसा! बी. पी. चढेल!”

“चढू द्या हो,” काका म्हणाले. “सिस्टर, तो खेळत असतो ना, तेवढा वेळ मी आजारी नसतो.”

हे मी मुद्दाम सांगतेय. नाहीतर तुम्ही म्हणाल, जुनाट लोखंड, तिला खेळातलं काय कळतंय, नुसता जळफळाट. नाही. त्या माणसाच्या पायांत मी बळ आलेलं पाहिलंय. औषधाने आलं नव्हतं ते. खेळ, गाणी, नाटकं, सिनेमे यांनी माणूस जगतो, हे मला मान्य आहे. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. ऐका.

त्या वर्षी आपला संघ मोठी स्पर्धा जिंकला. शहर वेडं झालं. आणि त्याच संध्याकाळी वरून हुकूम आला, की उद्या संघाची विजययात्रा निघणार, उघड्या बसमधून. उघडी बस कुठे होती? नव्हती. मग बनवा!

डेपोचे साहेब माझ्यासमोर उभे राहून फोनवर बोलत होते. “बस कुठलीही कापता येईल हो. बाजारपेठेची नको, व्यापारी बोंब मारतील. शाळांची नको. वरच्या वसाहतीची देतो. इंजिन दणकट आहे, आणि तिथून कुणी ओरडायला येत नाही.”

ऐकलंत? तिथून कुणी ओरडायला येत नाही. मी निवडले गेले ती माझ्या गुणांमुळे नाही. माझ्यात बसणारी माणसं सोशिक होती म्हणून. 

गॅसकटर घेऊन फिटर आला. हा पठ्ठ्या वर्षानुवर्षं माझे नटबोल्ट आवळत आलेला, माझ्या आवाजावरून माझं दुखणं ओळखणारा. मला वाटलं, हा तरी म्हणेल, नको. पण त्याचेही डोळे चमकत होते. “कप्तान उभा राहणार हिच्यावर!” तो हेल्परला म्हणाला. “माझ्या हेल्मेटवर सही घेणार बघ मी.” आणि शीळ घालत त्याने ज्योत पेटवली.

खिडक्यांच्या वरचे खांब एकामागून एक कापले गेले. पत्रा सोलला गेला. जी दांडी धरून काका उभे राहिले होते, ती खळ्ळकन खाली पडली आणि लाथेने कोपऱ्यात सरकवली गेली. मागची अर्धी बाकं उपटून तिथे लाकडी मंच ठोकला. सकाळपर्यंत मला रंग फासून, फुलं बांधून तयार केलं. मरणाची घाई होती. शहरात इतकी वर्षं चढावावरची एक खड्डेवाली मोरी दुरुस्त होत नव्हती, पण एका बसची कवटी उघडायला एवढासाही वेळ लागला नाही!

मामांना नवा पांढरा गणवेश दिला. ते खूश होते. का नसावेत? जन्मभर त्यांना सिग्नलवर शिव्याच मिळाल्या होत्या. आज त्यांच्या गाडीसाठी पोलीस रस्ता मोकळा करत होते.

विजययात्रा निघाली. रस्ता दिसत नव्हता, नुसती डोकी. गच्च्यांवर माणसं, झाडांवर माणसं, विजेच्या खांबांवर माणसं. कप्तान मंच सोडून अगदी पुढे, मामांच्या मागच्या बाजूला उभा होता. जवळून पाहिलं तर केवढासा तरुण! ओठ फाटलेले, डोळ्यांखाली काळं. हात हलवून हलवून दंड दुखायला लागला की दुसरा हात वर करायचा. मधेच खाली वाकून त्याने मामांना विचारलं, “ही बस एरवी कुठे जाते हो?”

“वरच्या वसाहतीहून हॉस्पिटलला,” मामा मान न वळवता म्हणाले.

“मग आज ते लोक कशाने गेले?”

मामांनी तोंड उघडलं. तेवढ्यात एका गच्चीवरून पाकळ्यांची अख्खी टोपली रिकामी झाली, गर्दीने त्याच्या नावाचा गजर केला, आणि तो सरळ उभा राहून हसायला लागला. मामांचं उत्तर तोंडातच राहिलं.

ते लोक कशाने गेले ते मी सांगते. पायी. उजाडायच्या आत वॉर्डवाल्या बाया चपला हातात घेऊन तो उतार उतरल्या. खाली आल्या तर मिरवणुकीसाठी रस्ते बंद. रात्रपाळीच्या नर्सेस दुपारपर्यंत तशाच उभ्या राहिल्या, कारण सोडवायला कुणी पोचलंच नाही. आणि त्या दिवशी काकांचा डायलिसिसचा वार होता.

मला ते दिसले. चौकात, दोरीच्या पलीकडे. काकूंनी त्यांना दंडाला धरून ठेवलं होतं. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले. हॉस्पिटल समोर दिसत होतं, रस्त्याच्या त्या बाजूला, आणि मधे मी होते. माझ्यामुळे रस्ता बंद होता! मला वाटलं, आता हा माणूस मला शिव्याशाप देणार. आणि काका काय करत होते? आजूबाजूच्या लोकांना कोपराने ढोसून सांगत होते, “अहो, ती आमची बस आहे! आमच्या वसाहतीची! मी रोज तिच्यात बसतो!”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

यात्रा संपायला संध्याकाळ झाली. काकांचं त्या दिवशीचं डायलिसिस राहून गेलं. काकू ओरडल्या असणार. आणि काका हसत असणार. कप्तान पाहिला होता ना डोळ्यांनी.

“पंधरा दिवसांत नवीन छत,” साहेबांनी सांगितलं होतं. मग म्हणाले, छत कशाला, नवीन बसच येईल. मग म्हणाले, बघू. मी डेपोच्या मागच्या अंगणात, भंगाराच्या शेजारी उभी केली गेले. पाऊस आला तो सरळ माझ्या पोटात आला. बाकांच्या गाद्या फुगल्या, फुटल्या. एका मांजरीने कंडक्टरच्या बाकाखाली पिल्लं घातली. तेवढेच माझे प्रवासी.

वसाहतीला दुसरी बस दिली नाही. एक जुनी गाडी दोनचार दिवस वर गेली आणि चढावात बंद पडली. मग तीही थांबली. “खालच्या स्टॉपवरून पकडा,” असं सांगण्यात आलं. सांगणाऱ्याचं काय जातं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. खालचा स्टॉप म्हणजे सगळी टेकडी उतरायची. आणि संध्याकाळी, दिवसभर फरशा पुसून, ती चढायची.

ताईची बदली दुसऱ्या मार्गावर झाली होती, पण राहायला ती वसाहतीतच. दर आठवड्याला ती साहेबांच्या खोलीत जायची. खोलीची खिडकी माझ्या अंगणाकडे उघडायची, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

“साहेब, बस कधी देताय?”

“ताई, पुन्हा तेच? प्रस्ताव वर गेलाय.”

“आमची माणसं खाली येताहेत आणि प्रस्ताव वर जातोय. वाटेत भेट होत असेल त्यांची!”

“थट्टा करू नका. पोरांनी जगात नाव काढलं आपलं, आणि तुम्ही एका छपराचं घेऊन बसलात.”

“नाव काढलं, चांगलं झालं. मी पण नाचले रस्त्यावर. पण साहेब, त्या नावात बसून डायलिसिसला जाता येतं का?”

साहेब हसले. “कप्तानाची किंमत कळते का तुम्हाला? अख्खा देश एका जागी येतो त्याच्यामुळे.”

“येतो ना. तासाभराने आपापल्या घरी जातो. ज्याचं घर टेकडीवर आहे, तो कशाने जाणार, तेवढं सांगा.”

साहेबांनी फोन उचलला. साहेबांना उत्तर सुचलं नाही की फोन येतो.

काका सुरुवातीला रिक्षाने जात. रिक्षावाले वर यायला का-कू करायचे. मग शेजारच्या पोराच्या स्कूटरवर. मग तीनाचे दोन वार झाले, मग कधी एकच. “आज बरं वाटतंय, आज राहू दे,” असं ते म्हणायचे. बरं वाटत नव्हतं. बायकोला तो चढ पुन्हा चढायला लागू नये म्हणून म्हणायचे.

एका दुपारी मामा आणि ताई डबा घेऊन माझ्यात येऊन बसले. कधीकधी यायचे ते असे, जुन्या घरी आल्यासारखे. ताईने डबा उघडला आणि तसाच बंद केला.

“काका गेले,” ती म्हणाली.

मामांनी डोक्यावरची टोपी काढली.

“उतारावर बसले. मोरीच्या कठड्यावर. म्हणाले, जरा दम घेतो. काकू पाणी आणायला पलीकडच्या घरात गेल्या. येईपर्यंत…” ताईने तोंड पदराने दाबलं. मग एकदम पदर काढून तिने माझ्या बाकावर मूठ आपटली. “मामा, माणूस आजाराने गेला असता तर मी रडले असते. मला रडू येत नाहीये. मला कुणाचं तरी थोबाड फोडावंसं वाटतंय!”

“कुणाचं फोडशील?” मामा म्हणाले. “गाडी मीच चालवत होतो.”

मला बोलता आलं असतं तर सांगितलं असतं, मामा, तुम्ही चाक धरलं होतं. गाडी कुठे न्यायची ते दुसऱ्यांनी ठरवलं होतं. ती दुसरी माणसं आत्ता जेवून वामकुक्षी घेत असतील.

आणि मग अचानक सगळ्यांना माझी आठवण झाली. का? वसाहतीसाठी? छे! स्टेडियमला नवी भव्य गॅलरी बांधून झाली होती. तिच्या उद्‌घाटनाला, दारात काहीतरी ‘ऐतिहासिक’ ठेवायचं होतं. झालं. फिटर आला, इंजिन काढून घेतलं. हेल्मेटवर सही होती त्याच्या, पण या वेळी तो शीळ घालत नव्हता. मला क्रेनने उचललं, इथे आणून विटांवर ठेवलं, सोनेरी रंग दिला. मंचावर कप्तानाचा पुतळा बसवला, हात वर केलेला. ज्या छतासाठी वर्षभर पैसा नव्हता, त्याहून मोठा मांडव माझ्यावर घालण्यात आला, पुतळ्याचा रंग उडू नये म्हणून!

उद्‌घाटनाच्या दिवशी मोठा सामना होता. दुपारपासून गर्दी लोटली. आणि त्या गर्दीतून, प्रवाहाच्या उलट, काही माणसं चालत आली. पुढे ताई, गणवेशात. मागे सिस्टर, वॉर्ड पुसणाऱ्या, चादरी धुणारे, स्वयंपाकघरातले. मामाही होते. आणि धुळीने माखलेल्या चपलांत, काकू.

माझ्याभोवती मखमली दोर बांधला होता. ताईने तो उचलला आणि ती जोराने ओरडली, अगदी पूर्वीसारखी, “चला, पुढे सरका! हॉस्पिटल, हॉस्पिटल, हॉस्पिटल!”

आणि सगळे चढले. पुढची बाकं शिल्लक होती. ज्याची त्याची जागा ज्याला त्याला ठाऊक. काकू तिसऱ्या खिडकीशी बसल्या, शेजारची जागा रिकामी ठेवून. मामांनी चाकावर हात ठेवले. माझ्या पोटात इंजिन नव्हतं, तरी मला घरघर जाणवली.

पहारेकरी धावत आले. “उतरा! हे प्रदर्शनाचं आहे!”

“आमची बस आहे,” ताई म्हणाली. “दुसरी मिळेपर्यंत इथेच बसतोय.”

गर्दी जमली. आधी हसली. मग कुणीतरी ओरडलं, “आजच्या दिवशी नाटकं करता? लाज वाटत नाही?” कुणी बाटली फेकली. ती सिस्टरच्या खांद्याला लागली. बाटली फेकणाऱ्याच्या गालावर संघाचे रंग होते. हाच तरुण उद्या मोटारसायकलवरून पडला, तर याचं डोकं कोण शिवणार होतं? सिस्टरने खांदा चोळला आणि समोर बघत राहिली. तिला याहून वाईट बोलणं रोज ऐकायची सवय होती.

तेवढ्यात संघाची गाडी आली. काळ्या काचांची, थंडगार. दार उघडलं आणि कप्तान उतरला. उद्‌घाटनाची फीत माझ्यापाशीच कापायची होती. साहेब घामाघूम होऊन पुढे धावले. “किरकोळ आहे सर, आत्ता हटवतो.”

कप्तान थांबला. “काय झालंय?”

कुणी काही बोलायच्या आत काकू उठल्या. त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. काकांचं. आतला फोटो काढून त्याच्यासमोर धरला. कडा झिजलेल्या, मधे घडी पडलेली.

“हा तुमचा फोटो,” काकू म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. “माझ्या नवऱ्याच्या पाकिटात होता. ते गेले. डायलिसिसला पोचता आलं नाही म्हणून गेले. ही त्यांची बस. तुम्हाला मिरवायला कापली ती पुन्हा धड झालीच नाही. घरात तुमचे आणखी दोन फोटो आहेत, भिंतीवर. ठेवू की काढू, ते विचारायला आलेय.”

 कप्तानाचा चेहरा उतरला. खोटं नव्हतं ते. “मला… मला हे माहीत नव्हतं, आई.”

चाकावरून मामा कप्तानाकडे वळले. “त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत, साहेब. हे लोक कशाने गेले म्हणून. मी सांगणारच होतो. तुम्ही थांबला नाहीत.”

 त्याला आठवलं असावं. आतून भोंगा वाजला. कुणीतरी त्याच्या कोपराला धरलं. “सर, उशीर होतोय. राष्ट्रगीत.”

“मी सामन्यानंतर येतो,” तो म्हणाला. “नक्की येतो.”

काकू म्हणाल्या, “माझ्या प्रश्नाचं काय?”

पण तो आत गेला होता.

आतून आरोळ्या येत राहिल्या. हजारो माणसांचा एक गळा. प्रत्येक आरोळीला माझे पत्रे थरथरायचे. बाहेर ही माणसं बसून होती. एकीने दुसरीचे पाय मांडीवर घेऊन दाबले. कप्तानाने त्या दिवशी दोन गोल केले म्हणे. सामना संपला. लोक नाचत बाहेर आले. संघाची गाडी मागच्या दाराने गेली.

पुढच्या आठवड्यात वसाहतीला नवी बस मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, झालं की गोड! थांबा. त्या बसच्या बाजूवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कप्तानाचं चित्र आहे. खाली लिहिलंय, ‘कप्तानाकडून जनतेला प्रेमाची भेट’. वर्तमानपत्रात आलं, केवढं मन! टीव्हीवर चर्चा झाली, खेळाडू समाजाला काय काय देतात. ताईचं नाव कुठेच नव्हतं. सिस्टरचा निळा पडलेला खांदा कुठेच नव्हता. काका तर नव्हतेच.

तो वाईट मुलगा नाही. त्याने म्हणे रात्रीच एक फोन केला. एकच. आणि त्यावरच माझा सर्वांत जास्त संताप आहे! ताईने वर्षभर त्या खोलीचा उंबरठा झिजवला. सिस्टरने हयातभर किती जणांना मरणाच्या दारातून ओढून आणलं असेल. या बायांच्या शब्दाला कवडीचं वजन नाही, आणि चेंडूला लाथ मारणाऱ्याच्या एका शब्दावर बस धावत टेकडी चढते. ते वजन त्याने चोरलेलं नाही. तुम्ही दिलंय त्याला. मूठमूठ करून, आरोळी आरोळीने. आणि एवढं त्याला दिल्यावर तुमच्याकडे ताईसाठी काही उरलंच नाही.

मामा नव्या बसवर आहेत. ताईही पुन्हा त्याच फेरीवर आली. वॉर्डवाल्या बाया डुलक्या घेत खाली उतरतात. चांगलं आहे. मला त्याचा हेवा नाही.

मी इथेच आहे. माझ्यात चढायला आता तिकीट आहे. चालत होते, तोवर वसाहतीतल्या म्हाताऱ्यांना ताई कधी तिकीट मागायची नाही. आता मी जागची हलत नाही, तर प्रत्येकाला तिकीट. परवा काकू आल्या होत्या, एकट्याच. दाराशी नवा पोरगा होता, त्याने हात आडवा केला. “आजी, तिकीट?” काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाहेरूनच त्या तिसऱ्या खिडकीच्या पत्र्यावर तळहात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “नको रे बाबा. मला कुठे जायचं नाहीये.” आणि गेल्या. भिंतीवरच्या फोटोंचं त्यांनी काय केलं, मला कळलं नाही. विचारायची सोय नाही.

तुम्ही पुन्हा जिंकाल. जिंकाच. नाचा, ओरडा, रात्र जागवा, मी काही आड येणार नाही. पुन्हा कुणाला तरी उंच उभं करावंसं वाटेल तुम्हाला. करा. फक्त कटर पेटवायच्या आधी एकदा वाका, आणि खिडकीतून डोकावून बघा, आत कोण बसलंय.